भट्टीभोवतीचं काळं कडं

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

हो, वन्संच म्हणणार. माझ्या लग्नात तू पुढचे दोन दात पडलेली, दारामागे लपून बसलेली चिमुरडी होतीस, पण नवऱ्याची बहीण ती नवऱ्याची बहीण. मान द्यायलाच हवा.

फोनच करणार होते. पण फोनवर आपण दोघी एकदम बोलतो, मग एकदम गप्प बसतो आणि कामाचं राहूनच जातं. शिवाय हे प्रकरण बघितल्याशिवाय कळणारं नाही, म्हणून पत्राला चार फोटो जोडलेत.

गावाबाहेरचा काचकारखाना पुढच्या महिन्यात बंद होतोय, हे दादाने तुला सांगितलं असेलच. मोठी भट्टी विझवणार. अशी भट्टी एकदा विझली की पुन्हा पेटवता येत नाही, कारण थंड होताना आतल्या विटाच तडकतात. म्हणून सगळा हिवाळा मी तिथे तळ ठोकून आहे. मालकांनी आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं, मग मी रोज येते हे पाहून दुर्लक्ष केलं. आता तर रखवालदार मला मध्येच डुलकी घेता यावी म्हणून खुर्ची देतो. कारखान्याच्या पॅकिंगच्या शेडमध्ये एप्रिलमध्ये या फोटोंचं प्रदर्शन आहे. भिंतभर उजळ पडदा लावणार आहेत, साध्या पडद्याहून कितीतरी प्रखर.

आता रडगाणं ऐक. भट्टीचं तोंड डोळे दिपवणारं आणि बाकी शेड अंधारी, त्यामुळे एका फोटोत दोन्ही मावत नाहीत. मी लागोपाठ सात घेते, एकात फक्त आग दिसते, शेवटच्यात फक्त अंधारातले लोक. मग सातांचा मिळून एक करते. त्यात सगळा उजेड जसाच्या तसा साठवलेला असतो. तो मोठा फोटो झकास आहे. पण पडद्याच्या मापाला लहान केला की भट्टीच्या तोंडाभोवती काळं कडं उमटतं! फुंकरकाकांच्या गालावर तर कुणी काजळाचं बोट ओढल्यासारखं. (फुंकरकाका म्हणजे तिथले सगळ्यात जुने काच फुंकणारे. खरं नाव कुणाच्याच लक्षात नाही, त्यांच्या बायकोच्या असेल.)

प्रदर्शनवाली बाई म्हणते, "राहू दे ना, ठसठशीत दिसतंय." मी म्हटलं, "बाई, तो माणूस आहे, रंगवायचं चित्र नाही."

तू हेच काम करतेस ना? चित्रं लहानमोठी करण्याचं? इतकी वर्षं मला वाटायचं, यात करण्यासारखं काय असतं. आता कान धरते. बघ काही होतंय का. भट्टी पुन्हा मिळायची नाही.

तुझी वहिनी

•

९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

फोटो उघडला आणि ऑफिसातलं माझं काम तिथेच थांबलं. शेजारच्या टेबलवरची मुलगी पाणी आणायला चालली होती, ती माझ्या खुर्चीमागे उभीच राहिली. मग तिला शोधायला साहेब आला, तोही उभा राहिला. शेवटी साहेब म्हणाला, "हा माणूस श्वास घेतोय." खरंच गं. नळीच्या टोकाला तो वितळलेल्या काचेचा गोळा, आणि काकांची छाती भरलेली.

एक सांग, सात फोटो होईपर्यंत माणूस हलला कसा नाही? आमच्याकडे लोक फुलदाणीचे काढतात तरी फोटो हलतात.

आता तुझ्या काळ्या कड्याचं. तू बघ म्हणालीस आणि मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. घरात आजवर माझ्या कामाबद्दल कुणी विचारलंय का? आई अजून सांगते, "ती कॉम्प्युटरवर बसते."

फोटो लहान करायचा म्हणजे मोठ्या फोटोतल्या बऱ्याच ठिपक्यांचा एक नवा ठिपका करायचा. नुसती सरासरी काढली तर सगळं धूसर होतं. म्हणून जवळच्या ठिपक्यांचा उजेड जमेला धरतात आणि जरा लांबच्यांचा थोडासा वजा करतात. त्या वजाबाकीने कडा धारदार राहतात. नेहमीच्या फोटोत हे बेमालूम चालून जातं. पण तुझ्या फोटोत भट्टी काकांच्या गालापेक्षा हजारो पट उजळ आहे. भट्टीचा शंभरावा हिस्सा जरी गालातून वजा झाला तरी गालाचा सगळा उजेड संपून वर उणंच उरतं. शेजारी ढोल वाजत असताना कुजबुज ऐकण्यासारखं आहे ते. पडद्याला उणा उजेड दाखवता येत नाही, तो काळं दाखवतो. म्हणून तुझी भट्टी काजळ लावून बसलीय. नीट पाहिलंस तर काळ्या कड्याच्या बाहेर एक पुसट उजळ कडंही आहे, मग पुन्हा पुसट काळं. पाण्यात खडा पडल्यासारखं.

उपाय केलाय. लहान करण्याआधी सगळा उजेड दाबून घेतला, म्हणजे हजार पटीचा फरक थोडक्यात आला. मग लहान केलं आणि मग उजेड पुन्हा मूळ पट्टीवर ताणला. कडं गेलं! गाल स्वच्छ! चारही फोटो तसे करून पाठवतेय. बघ आणि कौतुक कर. मी वाट बघतेय, लाजत नाही.

तुझी वन्सं

•

१५ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

कौतुक करते. गाल निर्मळ झाला, काका दहा वर्षांनी तरुण दिसतायत. पण आता बस खाली, कारण माझ्या मनाला काहीतरी टोचतंय.

ठिणग्या मेल्या.

तिसऱ्या फोटोत भट्टीचं दार उघडताना ठिणग्या उडतायत. माझ्या मूळ फोटोत त्या अशा आहेत की बघणाऱ्याने पाय मागे घ्यावा. तुझ्या लहान फोटोत त्या सगळ्या जागच्या जागी आहेत, एकही हरवलेली नाही, पण विझू घातल्यासारख्या. आणि पहिल्या फोटोतला काचेचा गोळा बघ. भट्टीतून आत्ता काढलेला गोळा असा नसतो. हा पुन्हा भट्टीत तापवून आणायला हवा असा दिसतोय. ही काच थंड झालीय, वन्सं.

मला तुझं गणित कळत नाही, आणि तू माझ्यासाठी इतकं केल्यावर खोट काढताना जीभ अडखळते. पण ते लोक हे फोटो बघायला येणार आहेत. त्यांनी उभा जन्म ही काच पाहिलीय. त्यांना मी थंड गोळा दाखवू?

तू विचारलंस माणूस हलला कसा नाही. तो हलतोच. नळी सतत फिरवावी लागते, नाहीतर काच ओघळून खाली येते. पण मी दोन महिने नुसती बघत बसले तेव्हा एक कळलं. छाती भरून घेतल्यावर आणि फुंकायच्या आधी एक क्षण असा येतो की माणूस, नळी, गोळा, सगळं थांबतं. डोळे मिटून उघडतो तेवढाच. कॅमेरा तेवढ्यात सात फोटो भराभर घेतो. दहातल्या नऊ वेळा मी चुकते. काका म्हणाले, "तुम्ही आमच्यापेक्षा जास्त काच फोडता."

तुझा दादा ठीक आहे. बस डेपोतल्या वेळापत्रकांनी त्याला जेरीस आणलंय. मीही ठीक, फक्त संध्याकाळी डोळे जड होतात. आगीकडे बघून बघून दुसरं काय होणार.

तुझी वहिनी

•

२७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून आधी मी रागावले. एवढी मेहनत केली आणि हिला ठिणग्या दिसतात! मग मुकाट्याने मूळ फोटोतल्या एका ठिणगीचा सगळा उजेड मोजला, आणि माझ्या लहान फोटोतल्या त्याच ठिणगीचा. वहिनी, अर्ध्याहून जास्त उजेड गायब होता. तू मापाशिवाय, नुसत्या डोळ्याने पकडलंस. साहेबाला सांगितलं तर तो म्हणाला, "त्यांना आपल्याकडे नोकरी देऊ या का?" मी म्हटलं, "तुम्हाला झेपायची नाही ती."

चूक माझ्या दाबण्यात होती. उजेड दाबल्यावर सरासरी काढली की चार अंधाऱ्या ठिपक्यांत एकटी ठिणगी अल्पमतात जाते. नंतर कितीही ताणलं तरी गेलेलं परत येत नाही. कडं घालवायच्या नादात मी आगच विझवली होती.

मग बरंच काही करून पाहिलं. वजाबाकी पूर्ण काढून टाकली, तर ठिणग्या जिवंत झाल्या पण काकांच्या एप्रनवरचे धागे आणि कपाळावरचा घाम पुसला गेला. सगळं साय धरल्यासारखं. एक बाजू सावरावी तर दुसरी सुटते. दोन आठवडे अक्षरशः हात टेकले होते.

शेवटी जे जमलं ते इतकं साधं आहे की सांगायला लाज वाटते. वजाबाकी ठेवायची, उजेड दाबायचा नाही, पण प्रत्येक नव्या ठिपक्याला एक कुंपण घालायचं. त्याला बजावायचं, तू ज्या जवळच्या ठिपक्यांतून जन्मलास, त्यातल्या सगळ्यात अंधाऱ्याहून जास्त अंधारा व्हायचं नाहीस, आणि सगळ्यात उजळाहून जास्त उजळ व्हायचं नाहीस. बस. म्हणजे भट्टी कितीही ओरडली तरी गाल गालाच्या उजेडातच राहतो. कुंपण कडक ठेवलं तर काही कडा करवतीसारख्या दिसायला लागल्या. म्हणून जिथे उजेडात प्रचंड फरक आहे तिथेच ते घट्ट केलं आणि बाकीकडे सैल सोडलं.

ठिणग्या पुन्हा मोजल्या, सगळा उजेड जागेवर आहे. पण मोजमापावर माझा विश्वास राहिलेला नाही. तू बघून सांग.

आणि तो श्वासाचा क्षण! हे मी ऑफिसात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. दोन महिने नुसतं बघत बसायचं, एकही फोटो न काढता? माझ्यात तेवढा धीर असता तर मी आज कुठच्या कुठे असते.

तुझी वन्सं

•

३ मार्च

प्रिय वन्सं,

गोळा तापला! पहिला फोटो उघडला आणि माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं, काय सांडलं म्हणून तुझा दादा आतून धावत आला. ठिणग्या, घाम, एप्रनचे धागे, सगळं आहे. माझ्या मूळ फोटोपेक्षा वेगळं काढता येत नाही. तुझ्या हुशारीला नजर लागू नये.

आता मी तुझी क्षमा मागून एक बारीकशी गोष्ट सांगते. मोठ्या भट्टीभोवती अजून कडं आहे. काळं नाही, ते गेलंच. हे रंगीत आहे, आतून निळसर, बाहेरून तांबूस. दिवसा दिसलं नाही. काल संध्याकाळी खोलीत दिवा न लावता बघत होते तेव्हा दिसलं. देखणं आहे खरं तर, पण माझ्या फोटोत नव्हतं. तुझ्या कुंपणातून कुणी उडी मारली असेल का?

तुझी वहिनी

•

८ मार्च

प्रिय वहिनी,

ठिपका न् ठिपका तपासला. लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग वेगळे करून पाहिले. मग शेजारच्या मुलीला बसवलं, तिचे डोळे माझ्याहून तरुण आहेत. तिलाही काही दिसेना. तुझा मूळ फोटोही पाहिला, त्यातही नाही. तुझ्या डोळ्याने एकदा माझं नाक कापलंय, त्यामुळे "तुला भास होतोय" असं म्हणायची माझी छाती नाही. तू म्हणतेस म्हणजे कडं आहे. प्रश्न एवढाच की ते कुठे आहे. फोटोत, पडद्यात, की आणखी कुठे.

एक करून बघ. संध्याकाळी तसाच अंधार कर आणि पडद्यावरचं भट्टीचं तोंड हाताने पूर्ण झाक, फक्त भट्टी, बाकी उघडं. कडं फोटोत असेल तर हाताच्या बाहेर ते तसंच दिसत राहील. मग घराच्या दिव्याकडे बघून तेच कर. आणि आहे तसं कळव.

तुझी वन्सं

•

१० मार्च, सकाळ

प्रिय वन्सं,

केलं. भट्टी झाकली की कडं जातं. हात काढला की येतं. दिव्याचंही तसंच. रस्त्यावरच्या दिव्यांना तर प्रत्येकाला आपापलं इंद्रधनुष्य आहे. म्हणजे तुझा फोटो निर्दोष सुटला, अभिनंदन! माझ्या चष्म्याचाच काहीतरी घोळ दिसतोय.

झोपून उठलं की सगळं स्वच्छ असतं. फक्त संध्याकाळी उजव्या भुवईच्या वर ठणका लागतो आणि जरा धुकं दिसतं. दादाला सांगू नकोस, तो लगेच थर्मामीटर घेऊन येतो.

परवा भट्टी विझवतायत. सकाळी शेवटची काच काढणार, दुपारी आग बंद. सगळे जुने कारागीर येणार आहेत. आयुष्यात एकदाच मिळणारा दिवस. मी बॅटऱ्या चार्जिंगला लावून बसलेय, लग्नाच्या आदल्या दिवशी सुद्धा एवढी तयारी केली नव्हती.

तुझी वहिनी

•

१० मार्च, दुपार

वहिनी,

लांबण लावत नाही. कडं तुझ्या डोळ्यात आहे. इथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात फोन केला, तुझं पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी मधेच थांबवलं आणि विचारलं, "त्या कुठे आहेत आत्ता?" डोळ्यातलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होत असावी, आतला दाब वाढत असावा, असं त्यांचं म्हणणं. दाब वाढला की डोळ्याचा पुढचा पडदा सुजतो आणि दिव्यांना रंगीत कडी दिसतात. सकाळी बरं वाटतं ते फसवं. एखाद्या वेळी वाट पूर्ण बंद झाली तर डोळा काही तासांत जाऊ शकतो. गेलेली नजर परत येत नाही.

आज जा. चष्म्याच्या दुकानात नको, डॉक्टरकडे.

तुझी वन्सं

•

११ मार्च

प्रिय वन्सं,

काळजी करतेस, जीव भरून आला. पण उद्या भट्टी. परवा सकाळी पहिला नंबर लावते, शपथ. एवढे महिने डोळ्यांनी साथ दिली, एक दिवस देतील. फोन उचलत नाहीये कारण तू ओरडशील.

तुझी वहिनी

•

१३ मार्च

चि. धाकटे,

वहिनीच्या मेलवरून मी लिहितोय. तिला आज पडद्याकडे बघायची बंदी आहे.

परवा तुझा फोन डेपोत आला तेव्हा मी ड्रायव्हरांच्या ड्युट्या लावत होतो. तसाच निघालो. घरी ती ट्रायपॉड पुसत होती. म्हटलं, "चल." म्हणाली, "कुठे?" म्हटलं, "तुला माहीत आहे." इतक्या वर्षांत मी तिला आवाज चढवून कधी बोललो नाही, तेव्हाही नाही. पण ट्रायपॉड काढून घेतला आणि दारात उभा राहिलो. ती म्हणाली, "तुझ्या बहिणीने चुगली केली." मी म्हटलं, "हो."

दवाखान्यात दाब मोजला. डॉक्टरांनी पुन्हा मोजला, मग लगेच ड्रॉप घातले. उजव्या डोळ्यात नेहमीच्या तिपटीच्या आसपास होता. रात्रभर ठेवून घेतलं. काल सकाळी लेसरने दोन्ही डोळ्यांच्या बुबुळाला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडली, म्हणजे पाण्याला वाट मिळते. आता दाब उतरलाय. उजव्या डोळ्याची कडेची नजर थोडी गेली आहे, ती येणार नाही म्हणाले. मधली शाबूत आहे. डॉक्टर म्हणाले, काल दिवसभर त्या भट्टीपाशी ही राहिली असती तर आज वेगळं बोलणं झालं असतं.

ती माझ्याशी बोलत नाही. तुझ्याशीही बोलणार नाही म्हणते. भट्टी काल दुपारी विझली. त्या वेळी ती दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून झोपली होती. झोप लागली नव्हती, ते मला कळत होतं.

तू बरोबर केलंस. हे मी लिहून ठेवतोय, कारण ती काही दिवस उलटंच सांगेल.

दादा

•

२० मार्च

प्रिय वहिनी,

तू उत्तर देऊ नकोस, मी लिहीत राहीन.

मी दादाला सांगितलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन. त्याबद्दल माफी मागत नाही. पण तुझा तो दिवस गेला याचं दुःख मला तुझ्याइतकंच आहे. तुझ्याइतकं नसेल, पण आहे.

रिकाम्या हाताने बसवेना म्हणून तुझे सगळ्या हिवाळ्याचे फोटो पडद्याच्या मापाला करून ठेवले. एकेक करून, प्रत्येकाचं कुंपण निराळं लावून. आधी हे मला माझं कोडं वाटत होतं. आता प्रत्येक फोटो उघडताना वाटतं, आगीसमोर उभी राहून तू अंधारातली माणसं पाहिलीस. सगळे आगच बघतात. एका फोटोत मागे भिंतीशी एक बाई बाटल्या पुसतेय, तिची नखंसुद्धा दिसतात. तिच्याकडे आजवर कुणी कॅमेरा रोखला असेल असं वाटत नाही.

आमचा साहेब ही कुंपणाची पद्धत आमच्या प्रोग्राममध्ये कायमची घालतोय. मी त्याला सांगितलं, यातलं अर्धं काम वहिनीचं आहे.

तुझी वन्सं

•

२८ एप्रिल

प्रिय वन्सं,

राग संपलाय. खरं म्हणजे कधीच संपला होता, पण एवढ्या थाटामाटात रुसल्यावर लगेच कसं हसायचं? तुझ्या दादाने शेवटी विचारलं, "अजून किती दिवस आहे हे? वेळापत्रक असेल तर सांग." मग मला हसूच आवरेना.

डोळा ठीक आहे. उजवीकडून कुणी आलं की जरा दचकते, एवढंच. तुझ्या डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग. आणि तुला काय सांगू? हे जग मला दिसतंय ते तुझ्यामुळे. तू माझ्या डोळ्यावर इतका विश्वास ठेवलास की फोटोत कडं नाही म्हटल्यावर ते कुठे असेल हे शोधत राहिलीस. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, बाईचं वय झालं.

आता प्रदर्शनाचं. उद्घाटन काल झालं. शेड धुऊन पुसून घेतली होती, तरी काचेची चुरचुर पायाखाली होतीच. भिंतीवर तो प्रचंड पडदा. खुर्च्या मांडल्या होत्या पण कुणी बसेना. कारागीर सगळे घरच्यांना घेऊन आले होते, इस्त्रीच्या कपड्यांत, एकमेकांना ओळखू न येण्याइतके स्वच्छ. बाटल्या पुसणारी बाई आली होती. तिचा फोटो आला तेव्हा तिच्या नातीने ओरडून सांगितलं, "आजी, तू!" आणि ती बाई म्हणाली, "गप. बघू दे." मग तो फोटो आठवड्यातून एकदा तरी बघायला मिळेल का, असं प्रदर्शनवाल्या बाईला विचारून गेली.

विझवण्याच्या दिवसाचे फोटो नाहीत. लोकांनी मोबाइलवर काढले होते, पण मला ते लावावेसे वाटले नाहीत. तो दिवस त्यांनी पाहिला, मी पाहिला नाही. राहू दे तसंच.

फुंकरकाका उशिरा आले. काठी घेऊन, हळूहळू. मी त्यांना पुढे नेलं, पडद्याच्या अगदी समोर. तेव्हा भट्टीचं दार उघडतानाचा फोटो यायचा होता. शेडमधला दिवा मालवला होता. फोटो आला. आग, ठिणग्या, सगळं एकदम भिंतभर.

काकांनी हात वर करून चेहरा झाकला आणि मान फिरवली.

सगळे बघत राहिले. मग त्यांना स्वतःलाच कळलं आणि ते जे हसायला लागले, काठी माझ्या हातात देऊन डोळे पुसायला लागले. म्हणाले, "इतकी वर्षं भाजून घेतलं, अंगाला सवय आहे हो." आणि मग पडद्याकडे तोंड करून उभे राहिले. फोटो बदलत गेले. काका हलले नाहीत.

मला तेव्हा तुझा तो साहेब आठवला नाही, कुंपण आठवलं नाही, काही गणित आठवलं नाही. फक्त वाटलं, ही आत्ता इथे हवी होती. वन्सं, भट्टी विझून दीड महिना झाला, आणि काल एका माणसाला तुझ्या आगीची धग लागली.

तुझी वहिनी